चित्राच्या मोहाला हद्द हवी!

चैत्र उजाडला की महाराष्ट्रात गावोगावच्या यात्रांना आरंभ होतो आणि यात्रांबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींचा धुरळाही उडू लागतो. आंबेगाव, खेड, जुन्नर या तालुक्यांतले घाट असोत, सांगली-साताऱ्याकडील माळावरची मैदाने असोत की विदर्भातील शंकरपट असोत, पूर्वी या शर्यतींना माणसे डोळे भरून पाहावयास येत. आता डोळ्यांच्या आधी मोबाइल वर होतो. घाटाच्या दोन्ही अंगांना, आणि कित्येकदा घाटाच्या ऐन मध्यभागीदेखील, हात उंचावून चित्रे घेणाऱ्यांची दाटी झालेली दिसते. बैल अंगावर येईपर्यंत जागा सोडावयाची नाही आणि अगदी शेवटच्या क्षणी बाजूला उडी घ्यावयाची, हा त्या दाटीतील काहींना मर्दुमकीचा खेळ वाटतो. या दाटीत केवळ गावचीच पोरे असतात असे मात्र कोणी समजू नये. सुट्टीच्या दिवशी पुण्यामुंबईहून मोठाल्या भिंगांचे कॅमेरे घेऊन जाणारे सुशिक्षित हौशी छायाचित्रकार तीत असतात आणि वृत्तपत्रांचे व वाहिन्यांचे प्रतिनिधीही असतात. म्हणूनच हा प्रश्न आमच्या शहरी वाचकांपुढे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

वेगाने धावणाऱ्या गोष्टीचे चित्र घेणाऱ्याने कोठे उभे राहावे, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या धैर्यावर सोपवून चालणार नाही; जागा आधी ठरली पाहिजे, आखली गेली पाहिजे आणि शर्यत सुटल्यावर ती कोणीही ओलांडता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला जिवाची पर्वा नाही त्याने आपले पाहून घ्यावे, त्याची चिंता इतरांनी कशाला करावी, असे यावर कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक भासतो. परंतु धावेच्या मार्गात पाऊल टाकणारा मनुष्य केवळ स्वतःचाच जीव पणाला लावतो हे गृहीतच मुळी खोटे आहे.

फ्रान्समधील सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीचा, टूर द फ्रान्सचा, इतिहास या बाबतीत बोलका आहे. जुलै १९९४ मध्ये आर्मांतिएर या गावी पहिला टप्पा संपत होता आणि सायकलस्वारांचा घोळका शेवटच्या रेषेकडे भरधाव येत होता. कठड्यालगत बंदोबस्तास उभ्या असलेल्या एका पोलिसाला त्या क्षणाचे चित्र टिपण्याचा मोह आवरला नाही आणि तो किंचित पुढे सरकला. बेल्जियमचा नेलिसन त्याच्यावर आदळला. पाठोपाठ फ्रान्सचा जालाबेर कोसळला. दोघेही जबर जखमी झाले आणि दोघांचीही त्या वर्षीची शर्यत तेथेच संपली. गर्दीने हद्द ओलांडू नये म्हणून ज्याची नेमणूक झाली होती, त्याच्याच हातून हद्द ओलांडली गेली! पुढे १९९९ साली आल्प द्युएझच्या चढावर इटलीचा ग्वेरिनी सर्वांच्या पुढे असताना एक प्रेक्षक कॅमेरा घेऊन थेट त्याच्या वाटेत उभा राहिला. ग्वेरिनी पडला, उठला आणि तरीही तो टप्पा त्याने जिंकला, म्हणून ही हकीगत आज लोक हसत सांगतात. तो उठला नसता तर ती कोणी हसत सांगितली असती काय?

बरे, हे केवळ हौशी प्रेक्षकांकडूनच घडते असेही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक मैदानी स्पर्धांत २०० मीटरांची शर्यत जिंकून युसेन बोल्ट प्रेक्षकांना अभिवादन करीत चालला असता, दोन चाकांच्या विजेरी गाडीवर उभा राहून त्याचे चित्रण करणारा व्यावसायिक कॅमेरावाला तोल जाऊन मागून त्याच्यावर आदळला. जगातील सर्वांत वेगवान मनुष्य एका कॅमेऱ्याच्या धडकेने भुईवर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इटलीतील मादोन्ना दि कांपिलिओ येथे बर्फावरील घसरशर्यतीत ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतरत असताना चित्रण करणारे ड्रोन त्याच्या पाठीशी अवघ्या काही हातांवर येऊन कोसळले. यंत्र आकाशात गेले म्हणून धोका नाहीसा झाला नव्हता. तो फक्त डोक्यावर जाऊन बसला होता. या दोन्ही ठिकाणी खेळाडू सुदैवाने वाचले. परंतु सुदैव हा काही बंदोबस्ताचा प्रकार नव्हे.

आता चित्र घेणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाकडे वळू. कॅमेरा खोटे सांगत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चित्र घेणाऱ्याच्या बाबतीत ती साफ चुकीची ठरते. मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद दृश्य सामावून घेणारे असते, आणि अशा भिंगातून समोरची वस्तू पडद्यावर लहान, म्हणून लांब, भासते. वीस पावलांवर आलेली बैलजोडी अजून पुष्कळ दूर आहे असेच पडद्याकडे पाहणाऱ्याला वाटत राहते. उलट, लांब पल्ल्याचे भिंग लावलेल्या छायाचित्रकाराची अडचण निराळी असते. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून जेमतेम आठ अंशांचा कोन दिसतो. दोन्ही डोळ्यांनी माणूस पाहतो तो आसमंत त्याच्या वीसपटीहून मोठा असतो. त्या अरुंद चौकटीत जे नाही ते त्या घटकेला त्याच्या जगातच नसते. बाजूने उधळलेले जनावर, सुटलेले चाक, मागून रेटणारी गर्दी यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्यात कळ दाबताक्षणी आरसा वर उचलला जातो आणि नेत्रिकेतील दृश्य क्षणभर झाकले जाते. म्हणजे जो क्षण चित्रात उतरतो, नेमका तोच क्षण चित्र घेणाऱ्याने पाहिलेला नसतो!

याच्या जोडीला वेगाचा साधा हिशेब मांडून पाहावा. ताशी ३५ किलोमीटर वेगाने धावणारे जनावर एका सेकंदात जवळजवळ १० मीटर अंतर तोडते. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्याच अवधीत सुमारे २८ मीटर पुढे येते. पडद्यावरून नजर काढावयाची, धोका ओळखावयाचा, कोणत्या बाजूस वळावे ते ठरवावयाचे आणि मग पाय उचलावयाचा, यांत अवघा दीड सेकंद गेला असे धरले, तरी तेवढ्यात जनावराने १५ मीटर आणि मोटारीने ४० मीटरांहून अधिक मजल मारलेली असते. शेवटच्या क्षणी उडी मारीन म्हणणाऱ्याच्या हाती तो शेवटचा क्षण वस्तुतः उरलेलाच नसतो.

या हिशेबाचे भान सुटले म्हणजे काय होते ते मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या मोटार-रॅलीत दिसून आले. त्या काळातील ‘ग्रुप बी’ वर्गाच्या मोटारी विलक्षण वेगवान होत्या, आणि सिंत्राच्या डोंगरवाटांवर प्रेक्षकांची गर्दी इतकी बेफाम असे की मोटार अगदी जवळ येईपर्यंत माणसे रस्त्यावरच उभी राहत आणि ती आली म्हणजे पडदा सरकावा तशी दुभंगत. असल्याच गर्दीच्या कडेला एका फोर्ड मोटारीवरील चालकाचा ताबा सुटला. तिघे ठार झाले आणि तीसहून अधिक जखमी झाले. कारखान्यांच्या संघांच्या नामांकित चालकांनी तेथून पुढे शर्यतीत भाग घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी कॉर्सिकातील रॅलीत चालक हेन्री तोइवोनेन व त्याचा सहकारी यांचा अंत झाला आणि तो मोटारींचा वर्गच जागतिक स्पर्धांतून बाद करण्यात आला.

मोटार धावेच्या मार्गावरच असली पाहिजे असेही नाही. जुलै २०१३ मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे चाके बदलण्यासाठी थांबलेल्या एका मोटारीचे चाक ती निघताच निखळले आणि घरंगळत जाऊन, दुसरीकडे कॅमेरा रोखून उभ्या असलेल्या एका चित्रणकाराच्या अंगावर आदळले. त्याचे गळ्याचे हाड व बरगड्या मोडल्या. तो अनुभवी होता आणि परवानगी असलेल्या जागीच उभा होता. यातून नियामक संस्थेने कोणता बोध घेतला? चित्रणकारांनी अधिक सावध राहावे असा उपदेश करून ती स्वस्थ बसली नाही. शर्यत व तिची पात्रता-फेरी चालू असताना त्या मार्गिकेतील चित्रणकारांचा वावर बंद करून त्यांना भिंतीच्या कडेची जागा नेमून देण्यात आली. मनुष्याच्या सावधपणाला मर्यादा असते, म्हणून जागाच बदलावी लागते, हा त्यातील मर्म आहे आणि तो आपण घेण्याजोगा आहे.

येथे छायाचित्रणाच्या कलेचा कैवार घेऊन कोणी असे म्हणतील की, जवळ गेल्यावाचून जिवंत चित्र मिळत नाही. रॉबर्ट कापा हा थोर युद्ध-छायाचित्रकार जवळ जाण्याचाच उपदेश करीत असे, याची आठवणही ते देतील. कापाच्या धैर्यापुढे आम्हीही नतमस्तक आहोत. परंतु मे १९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून त्याचा अंत झाला, हेही विसरता येत नाही. रणभूमीवर सुरक्षित रेषा कोणी आखून ठेवलेली नसते. यात्रेच्या घाटावर ती सहज आखता येते. युद्धातील अपरिहार्य संकट आणि शर्यतीतील हौसेने ओढवलेले संकट यांना एकाच तागडीत घालणे हा त्या थोर पुरुषाचाही अवमानच होय.

आणि जवळ जावयाचे म्हणजे माणसानेच गेले पाहिजे असे कोठे आहे? वेगाच्या छायाचित्रणाचा पाया ज्याने घातला, त्या एडवर्ड मायब्रिजने जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावत्या घोडीची चित्रे कशी घेतली ते पाहावे. त्याने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडी पुढे गेली की आडव्या तारांच्या साहाय्याने एकेक झडप आपोआप उघडावी अशी योजना केली. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे जगाने त्या चित्रांत प्रथम पाहिले. आणि त्यासाठी कोणालाही टापांखाली उभे राहावे लागले नाही. आजदेखील मोठ्या घोडशर्यतींत कठड्याच्या तळाशी कॅमेरा बसवून दुरून कळ दाबण्याची पद्धत रूढ आहे. कॅमेरा मोडला तर दुसरा घेता येतो.

कलेच्या दृष्टीनेही समोरून घेतलेले चित्र श्रेष्ठ असते हा भ्रमच होय. समोरून येणारी वस्तू एक सहस्रांश सेकंदात टिपली की ती जागच्या जागी उभी असल्यासारखीच दिसते. वेग चित्रात दिसावा असे वाटत असेल तर बाजूला, पुरेशा अंतरावर उभे राहावे, एक तीसांश वा एक साठांश सेकंदाइकी गती ठेवावी आणि धावत्या वस्तूबरोबर कॅमेरा सावकाश फिरवीत कळ दाबावी. मग बैल रेखीव उमटतात, मागची गर्दी रेषारेषांनी वाहू लागते आणि पाहणाऱ्याच्या कानांत घुंगरू वाजतात. सुरक्षित जागा आणि उत्तम चित्राची जागा या दोहोंत वैर नाही.

ज्यांची हयात या व्यवसायात गेली त्यांचे आडाखेही याच धर्तीचे आहेत. धाव सुरू होण्यापूर्वी जाऊन जागा पाहावी आणि वाहनाचा वा जनावराचा ताबा सुटला तर ते कोठे जाईल हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. वळणाच्या बाहेरच्या अंगास कधीही उभे राहू नये, कारण सुटलेले वाहन तिकडेच फेकले जाते. मार्गाच्या पातळीहून उंच जागा धरावी; आपल्या व मार्गाच्या मध्ये काही भक्कम वस्तू असावी, आणि दोरी ही भक्कम वस्तू नव्हे हे ध्यानात ठेवावे. मागे सरण्याची वाट मोकळी असावी. तीत स्वतःची पिशवी वा ट्रायपॉडदेखील असू नये. चित्र भव्य यावे म्हणून मार्गालगत पालथे पडू नये, कारण पडलेल्या माणसाला उठण्यातच वेळ लागतो. एक धाव गेली की पडद्यावर चित्र कसे आले ते पाहत मार्गाकडे पाठ फिरवू नये. आणि शक्य असेल तेथे सोबत्याने चौकटीबाहेरचे जग पाहावे व हाक द्यावी. यांत समजावयास कठीण असे काय आहे? कठीण आहे ते एवढेच की, एक चित्र हुकले तरी चालेल, ही तयारी घरातून निघतानाच मनाशी करावी लागते.

बैलगाड्यांच्या शर्यतींना हे सारे लागू आहेच. किंबहुना अधिकच लागू आहे. मोटारीला निदान गतिरोधक असतो. सुटलेली बैलजोडी अर्ध्या घाटात आवरणे कोणाच्याही हाती नसते, आणि गर्दीने बिचकलेले जनावर कोणत्या बाजूस वळेल हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही. शेवटची रेषा ओलांडली म्हणून बैल तेथे थबकत नाहीत. तरीही चित्रे घेणाऱ्यांची सर्वाधिक दाटी रेषेच्या पलीकडेच होते. अशा वेळी तोंडासमोर आलेला कॅमेऱ्याचा झोत किंवा डोक्यावर घोंगावणारे ड्रोन जनावराला भिववीत असेल तर त्याचा दोष बैलाला देता येईल काय?

या शर्यतींचा हक्क महाराष्ट्राने सुखासुखी मिळविलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्या बंद केल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर शर्यतींना मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. बैलांना इजा होऊ नये म्हणून या काळात नियम झाले, ते सर्वथा योग्यच आहेत. पण बैलाच्या रक्षणाची तजवीज करावयाची आणि घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्याला त्याच्या नशिबावर सोडावयाचे, हा कोठला न्याय? शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती देताना चित्रे घेणाऱ्यांच्या जागेचा नकाशाही मागितला पाहिजे. घाटाच्या एका अंगास, भक्कम कठड्यामागे, उंचावर दोन मचाणे बांधावीत; ओळखीचे अंगरखे दिलेल्या मोजक्या छायाचित्रकारांनाच तेथे प्रवेश असावा; रेषेपलीकडील पट्टा पूर्ण रिकामा ठेवावा; जनावरांवरून ड्रोन उडविण्यास मनाई असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घाट मोकळा झाल्याखेरीज पुढची बारी सुटता कामा नये. गाडामालक आणि शौकीन खोळंबले की घाटात उभ्या असलेल्या हौशी मंडळींना तेच हात धरून बाहेर काढतील. पोलिसांच्या काठीची गरज पडणार नाही.

वृत्तपत्रांचे कर्तव्यही यात मोठे आहे. अंगावर येणाऱ्या बैलांचे चित्र ‘थरारक’ म्हणून चार रकान्यांत छापले जाते, तेव्हा ते कोठे उभे राहून घेतले हे कोणी विचारीत नाही. ज्याला चित्रामागे पैसे मिळतात आणि पाय मोडला तर औषधपाणी स्वतःच करावे लागते, असा होतकरू छायाचित्रकार ते पाहतो आणि पुढच्या रविवारी त्याहून दोन पावले पुढे सरकतो. त्याला अविचारी म्हणणे सोपे आहे. त्याच्या अविचाराला भाव देणारे आपण मात्र नामानिराळे राहतो. धावेच्या मार्गात उभे राहून घेतलेले चित्र कितीही उत्कृष्ट असले तरी छापावयाचे नाही वा स्पर्धेत त्यास पारितोषिक द्यावयाचे नाही, असा दंडक वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी आणि छायाचित्र-मंडळांनी एकमताने घालून घ्यावा. चित्रणास माणूस धाडणाऱ्याने त्याच्या विम्याची आणि लांब पल्ल्याच्या भिंगाची सोय करावी. असल्या चित्रांची व चित्रफितींची मोबाइलवर चवीने देवाणघेवाण करणाऱ्या आमच्या सुशिक्षित वाचकांनीही पुढच्या वेळी क्षणभर थांबून, हे टिपणारा कोठे उभा होता, एवढे मनाशी विचारावे.

शर्यती व्हाव्यात, त्यांची चित्रेही भरपूर निघावीत, असेच आम्हांला वाटते. आज ज्या खेळाला एवढी गर्दी लोटते त्याची नोंद पुढच्या पिढीसाठी राहिली पाहिजे, आणि ती कॅमेऱ्याइतकी चोख दुसरे कोणी ठेवणार नाही. आमची मागणी एवढीच आहे की, यंदाचा हंगाम संपण्याची वाट न पाहता प्रत्येक घाटावर ती रेषा आखली जावी. चुना आणि बांबू यांना फारसा खर्च येत नाही. उद्या एखाद्या घरी चित्र आले आणि चित्र काढणारा आला नाही, तर तो खर्च मात्र कोणालाही भरून देता येणार नाही.